रंगपंचमीची नोंद

दीपमाला मंडलिक आमच्या द्राक्ष संघात नोकरीला लागली तेव्हा मी तिथे हिशेबनीस होतो आणि कॉम्प्युटर या वस्तूवर माझा राग होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण पोरगी कामाची आहे हे मी पहिल्याच हंगामात कबूल केलं, अर्थात तिच्या माघारी.

संघ म्हणजे दिंडोरीच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेलं पॅकहाऊस आणि त्याला जोडलेलं शीतगृह. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बागायतदारांचे टेम्पो, पांढऱ्या टोप्या घातलेल्या पॅकिंगच्या बायका, कंटेनरचे ड्रायव्हर, आणि या सगळ्यांवर ओरडणारे चेअरमन. बाकीचे महिने आम्ही कारकून मंडळी माश्या मारत बसायचो.

दीपमाला मखमलाबादची. घरचा मळा लहान, पण बारमाही. मेथी, कोथिंबीर, बांधाच्या कडेने झेंडू आणि शेवंती. तिची आई कुसाबाई सगळा मळा एकहाती सांभाळायची आणि तिचा कारभार मोठा कडक होता. शेवंतीची एखादी ओळ माना टाकून उभी दिसली की ती पहिला प्रश्न विचारायची, काल इथं पाणी कोणी धरलं होतं? ज्याने धरलं असेल त्याची चंपी व्हायची आणि ओळीचा विषय तिथेच संपायचा. दीपमाला हे सांगताना हसायची. आपणही त्याच तालमीत तयार झालोय, हे तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं जायची होती.

ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पण त्या काळात नाशकात कॉलेज रोडला दर दोन दुकानांआड एक कॉम्प्युटर क्लास उघडत होता. एका क्लासमध्ये तिने युनिक्स शिकून घेतलं आणि अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे आली. निमाणी स्टँडवरून एसटीने यायची, डबा बरोबर, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. रसायनशास्त्राचा आता काय उपयोग, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "काही नाही काका, डिग्री भिंतीवर आहे."

पुढे परदेशच्या गिऱ्हाइकांनी हट्ट धरला की कोणत्या पेटीत कोणाच्या बागेतला माल आहे ते कळलं पाहिजे. त्यासाठी संघाने सर्व्हर घेतला. कोणाची बाग, कोणती फवारणी, माल कोणत्या चेंबरमध्ये, सगळं त्याच्या पोटात. तो थांबला की पेट्या थांबायच्या आणि कंटेनर फाटकात उभा राहायचा. म्हणून त्याला प्लायवुड ठोकून वेगळी खोली केली आणि तिला एसी बसवला. चेअरमनच्या केबिनला तेव्हा पंखाच होता. त्या उन्हाळ्यात सर्व्हरची चौकशी करायला खोलीत येणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. मग दीपमालाने खोलीला कुलूप घातलं आणि स्वतः बाहेर आमच्या ओळीत टेबल मांडून बसली.

सर्व्हर स्वतःची एक रोजनिशी लिहितो. तिला लॉग म्हणतात. कोणी काम सुरू केलं, कोणी थांबवलं, कुठे काय अडलं, हे सगळं वेळेसकट त्यात उमटत राहतं. दीपमाला रोज सकाळी चहाबरोबर तो लॉग वाचायची. दोन हजार दोनच्या हंगामात त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा यायला लागली. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "डिस्क उत्तर देत नाही, पुन्हा विचारतोय."

"आपल्या ऑफिसात अर्धे लोक असेच आहेत," मी म्हणालो.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. ती ओळ आली की पॅकहाऊसमधल्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे गोठायचे. बायका हातात पेटी धरून उभ्या. कधी क्षणात सुटायचं, कधी सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं आणि चेअरमनचा आवाज फाटकापर्यंत जायचा.

नाशिकहून मशीन दुरुस्त करणारा कुंदन यायचा. सरळ माणूस, उगाच बाता मारणारा नव्हे. त्याने आधी केबल बदलली, मग डिस्क बदलली, मग आतलं कार्ड. प्रत्येक वेळी काही आठवडे शांतता आणि मग पुन्हा तीच ओळ. त्याने हात टेकले आणि अर्थिंगवर बोट ठेवलं. इमारतीमागे खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. रोज त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम शिपायाला लागलं. ओळ काही पाठ सोडेना.

आता बहिरू अण्णांविषयी. संघाचा पाया खणला त्या दिवसापासून ते तिथे होते. सुरुवातीला विटा वाहिल्या, मग राखण केली, शेवटी स्टोअरकीपर झाले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा म्हणजेच त्यांचा हुद्दा. शेत नाही, मुलगा नाही, एक मुलगी सायखेड्याला दिलेली. संघातलं कोणतंही कुलूप अण्णांना विचारल्याशिवाय उघडत नाही, याचा त्यांना मनापासून अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

त्यांच्या ताब्यात गंधकाचे पॅड असायचे. द्राक्षांच्या पेटीत वरून एक कागद ठेवतात. त्यात पावडर असते, ती ओल धरते आणि हळूहळू गॅस सोडते. त्या गॅसने द्राक्षांना बुरशी धरत नाही. मागच्या स्टोअरला ओल यायची. एका वर्षी पॅड तिथे आधीच ओलसर झाले, पेटीत गॅस जास्त सुटला आणि माल पांढरा पडून परत आला. अण्णांना फार बोलणी बसली. तेव्हा दीपमालाने खोक्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

"थंड आणि कोरडी जागा या इमारतीत एकच आहे अण्णा," ती म्हणाली. "माझ्या खोलीत ठेवा. टेबलाखाली सगळी जागा मोकळीच आहे."

"मशीनला काय व्हनार नाय ना ताई?"

"खोक्याने मशीनला काय होणार?"

तेव्हापासून खोकी सर्व्हरच्या टेबलाखाली गेली. पॅकिंग सुरू व्हायच्या वेळेला अण्णा यायचे, चपला बाहेर काढायचे, खोलीत जायचे, खोकं ओढून काढायचे, लागतील तेवढे पॅड घेऊन खोकं पुन्हा आत सरकवायचे. सर्व्हरकडे ते पाहायचेसुद्धा नाहीत. त्या डब्याची त्यांना भीती वाटायची.

दोन हजार तीनचा हंगाम अर्धा सरला आणि चेअरमनचा संयम संपला. "कुंदन नको, खड्डा नको. कारण काय ते मला एका कागदावर लिहून द्या. नाहीतर हे डबडं आणि तुम्ही, दोघं घरी जा."

दीपमालाने मग आईची रीत वापरली. लॉगमधल्या वेळा काढल्या आणि आठवडाभर खोलीच्या दाराकडे लक्ष ठेवलं. ती ओळ येत होती त्या प्रत्येक वेळी बहिरू अण्णा खोलीत होते. ते नसताना एकदाही नाही. तिने तसंच लिहिलं, स्टोअरकीपर बहिरू हे खोलीत असतानाच एरर येते असे लॉगवरून दिसते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चेअरमनने तो कागद वाचला आणि सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर अण्णांना पुढे बोलावलं.

"मशीनला हात कशाला लावता हो? दोन वर्षं आम्ही सगळे येडे झालो तुमच्यापायी."

"म्या हात नाय लावला साहेब. आईशप्पत नाय लावला."

"हे काय खोटं बोलतंय का? मशीननं वेळ लिहिलीय. किल्ल्या द्या इकडं. उद्यापासून फाटकावर बसायचं."

अण्णांनी दीपमालाकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. ती कागदाकडे बघत उभी होती. अण्णांनी जुडगा कमरेचा सोडला. गाठ घट्ट बसलेली होती, सुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळा संघ बघत राहिला. मला ते बघवलं नाही. ते फाटकावर बसलेच नाहीत. दुपारच्या एसटीने मुलीकडे सायखेड्याला गेले.

आणि एरर थांबली. त्या दिवसापासून एकही ओळ नाही. चेअरमन येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगायचे. पॅकिंगच्या बायकाही म्हणायला लागल्या की म्हाताऱ्याच्या मनात काळंबेरं होतं. तो कोणाचं काय बिघडवणार होता, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. दीपमालाचं मात्र कौतुक झालं. पगारही वाढला असं ऐकलं.

त्याच आठवड्यात नवीन गोडाऊन ताब्यात आलं. पॅकिंगला लागणारे पॅड तिकडून यायला लागले. टेबलाखालची उरलेली खोकी कोणी हलवली नाहीत, कारण ती कोणाच्याच ताब्यात नव्हती. सर्व्हरच्या खोलीची किल्ली आता फक्त दीपमालाच्या पर्समध्ये असायची.

पुढच्या हंगामात रंगपंचमी आली. आमच्याकडे धुळवडीला कोणी रंगाला हात लावत नाही. रंग खेळायचा तो पंचमीला. त्या दिवशी नाशकात जुन्या रहाडी उघडतात, माणसं रंगाच्या हौदात उड्या टाकतात, आणि ऐन हंगाम असला तरी पॅकिंगला एक बाई मिळत नाही. म्हणून संघ बंद. शीतगृहाचा ऑपरेटर तेवढा आपल्या बाजूला. सर्व्हर चालू ठेवून, खोलीला कुलूप लावून दीपमाला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कानामागचा गुलाबी रंग तसाच घेऊन ती आली, चहा घेतला आणि लॉग उघडला. चहा तसाच राहिला. डिस्क उत्तर देत नाही, पुन्हा विचारतोय. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दिवसभर तीच ओळ, आणि ऑफिसात माणूस नव्हता. तिने फाटकावर जाऊन विचारलं, कुलूप कोणी उघडलं होतं का. राखणदार म्हणाला, "किल्ली तुमच्याकडं नं ताई."

तिने चेअरमनची परवानगी काढून मशीन बंद केलं आणि मला हाक मारली. "काका, जरा या. मला कोणीतरी बरोबर पाहिजे."

तिने डब्याचं झाकण काढलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तांब्याचा रंग कळतो. देवघरातली पळी घासायची राहिली की तिच्यावर चढतो तसा काळपट हिरवा थर त्या सगळ्या जोडांवर चढला होता. तिने त्यावरून नख फिरवलं. मग खाली वाकली. टेबलाखालून घशात खवखवणारा वास येत होता. पॅकहाऊसमध्ये तो वास सगळीकडेच असतो, त्यामुळे आमची नाकं मेलेली. तिने एक खोकं ओढलं. टेबल हललं आणि वरचा सर्व्हरही हलला. खोक्यातल्या पिशवीचं तोंड उघडंच होतं.

ती फरशीवर बसली.

"तांबं आणि सल्फर डायऑक्साइड," ती म्हणाली. "हे मी कॉलेजात परीक्षानळीत करून दाखवलंय काका. मार्कही मिळाले होते."

मग तिने मला समजेल असं सांगितलं. गॅस जोडांना हळूहळू खात होता. जोड सैल झाले होते, पण तुटत नव्हते. अण्णा खोकं ओढायचे तेव्हा टेबल हलायचं आणि जोड क्षणभर सुटायचा. तीच ती ओळ. कुंदन येऊन डबा उघडायचा, जोड काढून पुन्हा घट्ट बसवायचा, म्हणून काही आठवडे बरं चालायचं. अण्णा गेल्यावर टेबल कोणी हलवलं नाही, म्हणून एरर थांबली. गॅस मात्र थांबला नव्हता. आता जोड इतके खाल्ले गेले होते की सुटायला कोणी हलवायचीही गरज उरली नव्हती.

"अण्णा खोलीत होते हे खरं होतं," ती म्हणाली. "तिथे कोण होतं एवढंच मी बघितलं. तिथे काय होतं ते बघितलंच नाही. आणि खोकी तिथे ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं."

तिची समजूत काढावी असं मला वाटलं नाही. ती म्हणत होती ते बरोबर होतं.

कुंदनने जोड बदलले, खोकी त्याच दिवशी बाहेर गेली, सर्व्हर सुरळीत झाला. त्या रविवारी दीपमाला सायखेड्याला निघाली आणि मला चला म्हणाली. मी गेलो, रविवारी मला दुसरं कामही नव्हतं. मुलीच्या घरापुढे ओट्यावर बसून अण्णा टोमॅटो निवडत होते. कमरेला करगोटा तेवढा होता. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा सांगितला, आणि दीपमालाचं सगळं बोलणं हातातलं काम न थांबवता ऐकलं. गॅस, तांबं, टेबल, सगळं. ते संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मशीननं माझं नाव लिवलं व्हतं का?"

"नाही अण्णा. मशीनने फक्त वेळ लिहिली होती. नाव मी लिहिलं."

अण्णांनी एक नासका टोमॅटो बाजूला टाकला. "मंग हे तितं सांग ताई. हितं सांगून काय करू? माझ्या लेकीला ठावं हाय मी कसा हाय ते."

चेअरमनना हे पटलं नाही. "आता कशाला उकरून काढता? मशीन चालतंय ना? अन् खोकी तुमच्या सांगण्यावरून ठेवली म्हणता. हे चारचौघांत बोलला तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागंल. नोकरी जाईल. विचार करा." दीपमालाने विचार केला असावा, कारण दोन दिवस ती डबा न खाता घरी नेत होती. तिसऱ्या दिवशी तिने सायखेड्याला निरोप धाडला.

हजेरीला अण्णा आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. फाटकाच्या आत, पण सगळ्यांपासून लांब उभे राहिले. चेअरमनचं बोलणं संपायच्या आत दीपमाला पुढे झाली. तिला भाषण येत नाही. मागच्या बायकांना नीट ऐकूही गेलं नसेल. ती म्हणाली की बहिरू अण्णांनी मशीनला कधीच हात लावला नव्हता, मशीन पॅडच्या गॅसने बिघडलं, पॅड तिथे ठेवायला तिनेच सांगितलं होतं, आणि कागदावर अण्णांचं नाव लिहिणारीही तीच. मग ती अण्णांकडे वळून म्हणाली, "अण्णा, मी चुकले. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले."

"आमाला ठावंच व्हतं," पॅकिंगच्या मुकादम रंगूबाई मोठ्याने म्हणाल्या. मागच्या वर्षी काळंबेरं हा शब्द त्यांनीच काढला होता.

चेअरमनना आता काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी केबिनमधून जुडगा मागवला आणि अण्णांपुढे धरला. "उद्यापासून या कामावर. झालं गेलं विसरा."

अण्णांनी जुडगा घेतला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यात नव्हती. त्यांनी दीपमालापुढे हात केला आणि तिने पर्समधून ती काढून दिली. ते आत आले, चपला दाराबाहेर काढल्या, कुलूप उघडलं. टेबलापुढे वाकून खाली पाहिलं. तिथे फक्त झाडून काढलेली फरशी होती. मग पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून सर्व्हरकडे पाहिलं, अगदी निवांत. बाहेर येऊन दार अलगद ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि जुडगा, किल्ली, सगळं दीपमालाच्या हातात ठेवलं.

"मी ऐकाया आलो व्हतो," ते म्हणाले. "कामाला नाय."

त्यांना एसटीवर सोडायला दीपमाला गेली. मी खिडकीतून पाहत होतो. रस्त्याकडेला दोघं बराच वेळ उभे होते. एसटी आली तेव्हा अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चढले. माझे डोळे भरून आले, हे लिहायला हरकत नाही.

दीपमालाला मेमो मिळाला. नोकरी गेली नाही, कारण तो डबा सांभाळायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पुढे लग्न झालं, तरी ती संघातच राहिली. मी निवृत्त झालो तेव्हाही ती सकाळी चहाबरोबर लॉग वाचत होती.

अण्णा येऊन गेले त्या दिवशी संध्याकाळी मी तिला म्हणालो, सकाळची ती वेळ लॉगमध्ये काढून दाखव. तिने काढली. अण्णा खोलीत होते त्या वेळेवर एकही ओळ नव्हती. ना आधी, ना नंतर. काही बिघडलं नव्हतं, म्हणून मशीनने काही लिहिलं नव्हतं. बहिरू अण्णा त्या दिवशी तिथे आले होते, याची नोंद संघात कुठेही नाही.